तीन थेंब आणि याडीचं नाव

मोहाची फुलं पडायला लागली की मला नागपुरात बसून कळतं. ही बढाई नाही. तेवीस वर्षं मी बारच्या काउंटरमागे उभा आहे, नाकावर माझं पोट चालतं. मार्चमध्ये एखाद्या सकाळी गल्लीतून कैऱ्यांची हातगाडी जाते, कुठेतरी कोणी पालापाचोळा जाळत असतं, आणि या दोन वासांच्या मध्ये एक जागा रिकामी राहते. ती जागा मोहाची. त्या दिवशी मी रजेचा अर्ज लिहितो.

यंदाही लिहिला. आर्णीला एसटीतून उतरलो, ओळखीच्या एकाच्या मोटारसायकलवर मागे बसलो आणि आमच्या तांड्यावर आलो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नाल्याकाठच्या झाडाखाली जाऊन बसलो. मोहाचं फूल पडतं तेव्हा आवाज होतो. फार हलका, ओल्या बोटानं पोत्यावर टिचकी मारावी तसा. एक इथं, एक तिथं, मग बराच वेळ काहीच नाही, मग तीन-चार एकदम. झाडाखालची जागा बायांनी आधीच झाडून, पाला जाळून काळी करून ठेवलेली असते. त्या काळ्या जमिनीवर ती फिकट, फुगलेली, भिजवलेल्या मनुक्यासारखी फुलं पडत राहतात. वास म्हणाल तर पहिल्या श्वासाला गुळाचा, दुसऱ्याला नासू लागलेल्या दुधाचा. ज्याला तो आवडतो त्याला जन्मभर आवडतो. ज्याला आवडत नाही त्याला त्या झाडाखाली थांबवत नाही.

या वासाजवळ माझ्या आयुष्यातल्या दोन चुका आहेत. एक सोळाव्या वर्षाची, एक सत्तेचाळिसाव्या वर्षाची. दोन्ही एकाच बाईच्या बाबतीत घडल्या. त्या लिहून काढायच्या म्हणून बसलो आहे. आता लिहिता येतात, कारण जे व्हायचं ते परवा होऊन गेलं.

ती बाई म्हणजे झमकू. माझ्या आईची धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच घरात दोघा भावांना दिलेल्या, त्यामुळे ती माझी मावशीही आणि काकीही. मी चार वर्षांचा असताना आई गेली. वडील त्याआधीच गेले होते. झमकूला स्वतःचं मूल नव्हतं. मी तिला याडी म्हणू लागलो. आमच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. आज ती सत्तरीच्या पुढं आहे, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आणि तरी फुलातला काडीकचरा माझ्याआधी तिला दिसतो. आम्ही आपसात गोरबोलीत बोलतो, मध्येच वऱ्हाडीत शिरतो. इथं मी आमचं बोलणं वऱ्हाडीतच लिहितो आहे, म्हणजे वाचणाऱ्याला अडायला नको.

आता बारचं सांगतो, कारण दुसरी चूक तिथं झाली.

मला सगळ्यात चांगलं जमतं ते ओल्ड फॅशन्ड. व्हिस्कीचं कॉकटेल. त्यात फार काही नसतं. जाड बुडाचा बुटका ग्लास घ्यायचा, त्यात साखरेचा खडा ठेवायचा, त्यावर बिटर्सचे दोन-तीन थेंब टाकायचे. बिटर्स म्हणजे साली-मुळ्यांचा कडू अर्क. चमचाभर पाणी घालून खडा मोडायचा, मग व्हिस्की, मग बर्फाचा एकच मोठा तुकडा. शेवटी संत्र्याच्या सालीचा पीळ पेल्यावर धरून मुरगाळायचा, म्हणजे तिचं तेल वर पसरतं. एवढंच. पण एवढंच असतं तिथं लपायला जागा नसते. खडा नीट विरघळला नाही तर शेवटचा घोट चिकट लागतो. बर्फ बारीक असेल तर दहा मिनिटांत पाणी होतं. माझ्या हातचं ओल्ड फॅशन्ड प्यायलेला माणूस परत येतो, हे मी खात्रीनं सांगतो.

त्याच्या नावाची गोष्टही मी गिऱ्हाइकांना शेकडो वेळा सांगितली आहे. अमेरिकेत एके काळी कॉकटेल म्हणजे इतकंच होतं: दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. मग बारवाल्यांना हुक्की आली. कोणी त्यात फळांची गोड दारू ओतू लागलं, कोणी बडीशेपेच्या वासाची, कोणी वर फळांच्या फोडी रचू लागलं. जुनी गिऱ्हाइकं वैतागली. ती काउंटरवर कोपर टेकून म्हणायची, हे तुझे खेळ राहू दे, मला ते जुन्या पद्धतीचं दे. इतके जण इतक्या वेळा तसं म्हणाले की ते मागणंच नाव होऊन बसलं. तिकडच्या एका क्लबाचा दावा आहे की ते आमच्याकडेच जन्मलं, पण जाणकार तो मानत नाहीत. मलाही पटत नाही. त्या पेयाला कुणा एकानं नाव दिलेलं नाही, लोकांनी मागून मागून ते दिलं. मला ते आवडतं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद सांगायचे, गिऱ्हाइकाला पेल्याबरोबर गोष्ट दे, तो दुसरा पेला मागतो. हे मी नको तितकं मनावर घेतलं.

गेल्या वर्षी हॉटेलच्या मॅनेजर साहेबांना काहीतरी आपल्या मातीतलं हवं होतं. दुसऱ्या एका राज्यातून मोहाची दारू रीतसर बाटलीत भरून येते, तिच्या चार बाटल्या त्यांनी माझ्यापुढं ठेवल्या. मी बूच उघडलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग साखरेच्या जागी काळा गूळ घेतला, बिटर्स निम्मे केले, संत्र्याची साल तशीच ठेवली. पहिल्याच घोटाला जमलं होतं. साहेबांनी ग्लास खाली ठेवत विचारलं, याचं नाव काय. मी म्हणालो, झमकू. विचार करावा लागला नाही. मोहाची दारू म्हटलं की मला दुसरं कोण आठवणार? आमच्या तांड्यात तिच्या हातची सगळ्यात चांगली निघायची. लांबून माणसं चालत यायची.

इथवर ठीक होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण मी तिथं थांबलो नाही.

आमच्या तांड्यात रीत आहे. सण असो, लग्न असो, दारू हातात आली की आधी तीन थेंब जमिनीवर सांडायचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांपासून ही रीत आहे. वाटेत ज्याला जिथं पुरलं तिथं परत जाणं होत नसे, म्हणून जिथं असू तिथं तीन थेंब. तांड्यात दारू बंद झाल्यावर गुळाच्या पाण्याचे थेंब पडू लागले, पण नावं सुटली नाहीत. आणि ती गेलेल्यांचीच. जित्त्या माणसाचं नाव त्या थेंबांवर कोणी घेत नाही. लहानपणी एकदा एका पोरानं चुकून आजारी बापाचं नाव घेतलं होतं. सगळी पंगत हातातला घास धरून गप्प बसली होती.

हे मला ठाऊक होतं. तरी काउंटरवर मी काळ्या दगडाची एक छोटी थाळी ठेवली. गिऱ्हाइकाला सांगायचो, आमच्याकडे पिण्याआधी तीन थेंब सांडतात आणि नाव घेतात. कोणाचं, असं ते विचारायचे. मी म्हणायचो, झमकूचं. ते थेंब सांडायचे, म्हणायचे, झमकू. त्यांना आवडायचं. फोनवर चित्रण करायचे. बारच्या मेनूकार्डावर छापून आलं. एका बाईनं विचारलं, त्या आता नाहीत का? मी बर्फ फोडत होतो. मी मान वर केली नाही.

माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पहिल्या संध्याकाळी पहिल्या गिऱ्हाइकानं तिचं नाव घेतलं, तेव्हा माझ्या हातातला चमचा थांबला होता. मग पुढचं गिऱ्हाईक आलं आणि चमचा चालू झाला. वर्षभर चालू राहिला.

आणि मूर्खपणा पाहा, यंदा तांड्यावर आल्यावर मी तेच चित्रण मोठ्या हौसेनं याडीला दाखवायला गेलो. ती ओट्यावर सूप घेऊन फुलं निवडत होती. मी फोन पुढं धरला. नागपूरचं एक जोडपं, काळी थाळी, तीन थेंब, दोघांचा एकदम आवाज, झमकू, आणि मग हसू.

याडीनं हात पुसून फोन घेतला. "पुन्यांदा लाव."

मी लावला. तिनं तो जवळ धरून शेवटपर्यंत पाहिला.

"हे तुह्या हाटेलातले मानसं हायेत?"

"हो."

"रोज करतेत?"

"रोज. लई आवडते त्याईले."

तिनं फोन माझ्या मांडीवर ठेवला. सूप उचललं. दोन-तीनदा पाखडलं.

"मी कवा मेली रे?"

मला हसू आलं. ते मध्येच अडकलं. मी म्हणालो, "तसं नाई याडी. तुही इज्जत केली मी."

"मले इचारलं होतं?"

मी फोन खिशात घातला. तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. फुलं निवडत राहिली. दुपारी मी घरात गेलो तर चूल थंड. भाकरीचं टोपलं पालथं. विचारलं, याडी, जेवण?

"मेलेली बाई भाकर टाकते काय कुठं?"

ती रागावून बोलली असती तर मी पाय धरले असते. पण ती हे हवामान सांगावं तसं सांगत होती. मी शेजारी घमाबाईकडे गेलो. घमाबाई याडीच्याच वयाची, तिची जन्माची शेजारीण, आणि तांड्यातली सगळ्यात तिखट जीभ. तिनं ताट वाढलं. भाकर, तुरीचं वरण, कांदा.

"खाय बाप्पा," ती म्हणाली. "तुह्या याडीची तेरवी हाय समजून खाय."

मी दोन दिवस तिच्याकडेच जेवलो. याडी पहाटे उठायची, झाडाखाली जायची, टोपली भरून यायची, फुलं पसरायची. माझ्याशी एक शब्द नाही. पाणी मागितलं तर समोरून निघून जायची, दिसतच नसल्यासारखी. नव्हे, ती स्वतःच नसल्यासारखी. बारमध्ये मी तिला जे करून ठेवलं होतं, तेच ती मला घरात करून दाखवत होती.

तिसऱ्या दिवशी झाडाखाली एकटा बसलो असताना तो जुना मोसम सगळा परत आला. यायचाच होता. मी वर्षानुवर्षं या झाडाखाली येतो आणि फुलं वेचून जातो, पण नाल्याच्या त्या वळणाकडे पाहत नाही. त्या दिवशी पाहिलं.

मी दहावीला होतो. परीक्षेचं केंद्र आर्णीला. मार्चचं ऊन, हातात पाण्याची बाटली, खिशात कंपास, आणि बोटांना सदा मोहाचा चिकट वास. पेपर लिहितानाही तो कागदाला लागायचा. तेव्हा याडीची भट्टी नाल्याच्या वळणावर होती. गेल्या सालची वाळलेली फुलं भिजत घालायची, ती सडली की मोठ्या मातीच्या हंडीत चढवायची, खाली आच, वर थंड पाणी, आणि नळीतून थेंब थेंब खालच्या भांड्यात. त्या आचेवर मी वाढलो. माझी वह्या-पुस्तकं, माझे कपडे, सगळं त्या थेंबांतून आलेलं. मला त्याची लाज नव्हती. शाळेत कोणी चिडवलं तर मी मारामारी करायचो.

भूमितीच्या पेपरच्या सकाळी याडी फुलं वेचायला गेली. जाताना म्हणाली, "आचेकडं ध्यान ठेव जरा. मी आली की तू निंघ. पेपराले टाइम हाय."

मी बसलो. मांडीवर वही, पुढं आच. वर्तुळाची प्रमेयं डोक्यात शिरत नव्हती. काल पाठ होती, आज एकही नव्हतं. मी वही मिटली. आणि समोर नळीतून पहिल्या धारेचे थेंब पडत होते, पाण्यासारखे स्वच्छ. वाटलं, एवढी माणसं लांबून येतात, भीती जाते म्हणतात. मी ओंजळ धरली. जीभ पोळली, मग छाती गरम झाली, मग खरंच भीती गेली. दुसरी ओंजळ धरली. तिसरी आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन डोक्यावरून कलंडलं होतं. मी मोहाच्या सावलीत पडलो होतो, तोंडाजवळ माती, गालाला फूल चिकटलेलं. याडी शेजारी बसली होती. तिनं ओला पदर माझ्या कपाळावर ठेवला होता. किती वेळ बसली होती कोण जाणे. पेपर संपून गेला होता. मी काही बोलणार तोच तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला. लहान मुलाचा घेतात तसा, नाक जवळ आणून, हळूच. मग ती उठली.

नाल्यातून तिनं एक दगड आणला. दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि हंडीवर टाकला. हंडी फुटण्याचा आवाज फार मोठा नव्हता. सडलेल्या फुलांचा गरम रांधा नाल्याकडे वाहत गेला, आच विझताना फसफसली, आणि सगळीकडे असा वास पसरला की दोन दिवस तिथं माश्या घोंघावत होत्या. मी पडल्या जागी पडून पाहत होतो. याडी रडली नाही, ओरडली नाही. हात झटकून म्हणाली, "चाल घरी. ताप हाय तुले."

तांड्यानं ते मानलं. पोराला ताप आला, पेपर बुडाला. ऑक्टोबरला मी पुन्हा बसलो, पास झालो, नागपूरला गेलो. इकडे याडीनं हंडी फोडली हे तांड्याला कळलं. काहून फोडली, असं लोकांनी विचारलं. ती म्हणाली, तांड्यातल्या लेकराईसाठी. थोड्या दिवसांनी ती घमाबाईच्या दारात उभी राहिली, कुऱ्हाड घेऊन. मग आणखी दोघींच्या. त्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत तांड्यातली एकही भट्टी उरली नव्हती. आजही नाही. बचत गटाच्या सभेत बाया तिला हार घालतात. ती हार लगेच काढून मांडीवर ठेवते. मला वाटायचं, संकोच. पण तिला ठाऊक होतं, पहिली हंडी तांड्यासाठी फुटली नव्हती.

आणि मी? मी त्या बाईचं नाव घेतलं, तिनं जे दगडानं फोडलं त्यालाच ते दिलं, आणि कार्डावर छापलं: तांड्यातली सगळ्यात उत्तम मोहाची काढणारी. खोटं नव्हतं. अर्धं होतं. दुसरं अर्धं लिहिलं असतं तर त्यात मी पडलेला दिसलो असतो.

संध्याकाळी घमाबाईला विचारलं, काय करू. ती तुरीच्या काड्या मोडत होती.

"गूळ घे हातावर," ती म्हणाली. "चार बायांपुढं उभा राय आन् कुठून चुकलं ते सांग. तिनं गूळ उचलला तर मिटलं."

"नाई उचलला तर?"

"तर तुही बस सकाळी सहाची हाय." मग काडी मोडता मोडता म्हणाली, "आन् पैल्यापासून सांग. मंधातून सांगाचं नसते."

परवा सकाळी झाडाखाली दहा-बारा बाया फुलं वेचत होत्या. मी उजव्या तळहातावर गुळाचा खडा घेऊन उभा राहिलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, केस पिकलेले, हात पुढं. बायांना कळलं. एकेक करून त्या उभ्या राहिल्या, कमरेला हात लावून. याडी तेवढी बसून वेचत राहिली.

मी हॉटेलचं सांगितलं. थेंबांचं, थाळीचं, नावाचं. एका बाईनं विचारलं होतं आणि मी मान वर केली नव्हती, तेही सांगितलं. गूळ तळहातावर पाझरू लागला होता. याडीनं टोपली पुढं सरकवली आणि खाली पाहतच म्हणाली, "मंधातून सांगून राह्यला तू."

तेव्हा मला समजलं की तिला काय हवं आहे. एकतीस वर्षं तिनं माझा ताप सांभाळला होता. आता तिला तो नको होता.

मी भूमितीच्या पेपरचं सांगितलं. तीन ओंजळी, सावली, दगड. ताप नव्हता, असं मी शेवटी म्हणालो.

पहिली बोलली ती घमाबाई. "म्हंजे? ताप नोता?"

"नोता, काकी."

ती याडीकडे वळली. "झमके. तू मले सांगतलं होतं, तांड्याच्या लेकराईसाठी फोडून राह्यली म्हणून."

"सांगतलं होतं."

"आन् ते ह्या एकट्यासाठी होतं?"

"हो."

"माही हंडी तांब्याची होती. माह्या सासूची. तू कुऱ्हाडीनं फाडली. ह्याच्या पेपरापायी?"

मी जमिनीकडे पाहत होतो. मला वाटलं, हे माझ्यामुळं झालं, दोघींची जन्माची मैत्री मी गुळाच्या खड्यापायी मोडली. याडी गुडघ्यांवर हात ठेवून उठली. उभी राहायला तिला वेळ लागतो.

"माही फोडली ते ह्याच्यासाठी," ती म्हणाली. "तुही फाडली ते तुह्या तीन पोट्ट्याईसाठी. त्या दिवशी मले समजलं होतं. तुले समजाची वाट पायली असती तर लई टाइम लागला असता."

कोणीतरी हसलं, लगेच थांबलं. घमाबाई हसली नाही. ती खाली बसली, पाठ करून, आणि फुलं वेचू लागली. बराच वेळ फक्त ती टिचकीसारखी पडणारी फुलं ऐकू येत होती. मग ती कुणालाच उद्देशून नाही अशी बोलली, "तिघंबी जित्ते हायेत." आणि मूठभर फुलं टोपलीत टाकली. थोड्या वेळानं म्हणाली, "हंडी तांब्याची होती पण."

"होती," याडी म्हणाली.

मग ती माझ्यापुढं आली. गूळ उचलला. निम्मा तोडून तोंडात टाकला, निम्मा घमाबाईच्या टोपलीत. माझ्या तळहातावर चिकट डाग राहिला. तो मी पुसला नाही.

"आता त्याईले सांग," ती म्हणाली.

मी तिथूनच फोन लावला. आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून. सकाळचे दहा वाजले असतील, बार उघडायला वेळ होता. मॅनेजर साहेबांना मी सरळ सांगितलं: कार्डावरचं नाव काढायचं, थाळी काढायची, ती गोष्ट कोणी सांगायची नाही.

ते म्हणाले, "अरे, लोक नावानं मागतात. नाव काढलं तर म्हणायचं काय त्याला?"

याडी शेजारून म्हणाली, "दारूले नाव कायले पायजे? ज्याले पायजे तो सांगन ना, कशी पायजे ते." आणि मी ज्या पेल्याची गोष्ट शेकडो वेळा सांगितली होती, ती या बाईनं, जिनं तो पेला कधी पाहिला नाही, एका वाक्यात संपवली. मी तेच साहेबांना सांगितलं. नाव नको, लोकांना जसं मागायचं तसं मागू द्या.

मग साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, तुझ्या भावना मी समजतो. पण त्या बाई तर आता नाहीत ना? मग वाईट कोणाला वाटणार आहे?"

याडीनं हात पुढं केला. मी फोन दिला. तिनं तो तोंडासमोर धरला, आरशासारखा, आणि घसा साफ केला.

"हॅलो. मी झमकू बोलून राह्यली. जित्ती हावो."

पलीकडून काहीच आलं नाही. नुसता श्वास. बाया वेचायच्या थांबल्या होत्या. याडीला घाई नव्हती. ती फोन धरून तशीच उभी राहिली, उन्हात, एक पाय थोडा पुढं टाकून.

"बोला, आजी," शेवटी आवाज आला.

काल साहेबांचा पुन्हा फोन आला होता. कार्डं परत मागवली, थाळी आत ठेवली, असं त्यांनी सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाले, तो आवाज आला तेव्हा मी एकटाच होतो ऑफिसात, तरी खुर्चीतून उठून उभा राहिलो.